पोलादनगरीचे वार्धक्य : भिलाईतील ज्येष्ठांचे जीवन कशावर ठरते?

तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या दिवशी भट्टीवर पंचविशीत उभा असलेला कामगार आज हयात असेल, तर त्याने नव्वदी ओलांडली आहे. त्याच्यामागून भरती झालेले हजारो कामगार, तंत्रज्ञ आणि अभियंतेही आता निवृत्त झाले आहेत. तरुणांचे शहर म्हणून वसविण्यात आलेली ही पोलादनगरी वृद्धांचे शहर होऊ लागली आहे आणि या बदलासाठी तिची मूळ रचना पुरेशी आहे काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने, १९५५ च्या करारानुसार उभ्या राहिलेल्या या कारखान्याची प्रारंभीची क्षमता वर्षाला दहा लाख टन पोलादाची होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. जून २०१८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेल्या आधुनिकीकरणानंतर ही क्षमता सत्तर लाख टनांपर्यंत नेण्यात आली. मात्र उत्पादन वाढत असताना मनुष्यबळ घटत गेले. भिलाईसह सर्व कारखाने मिळून भारतीय पोलाद प्राधिकरणात, म्हणजे 'सेल'मध्ये, १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दोन लाखांहून अधिक कर्मचारी होते. आता ही संख्या साठ हजारांच्या आत आली आहे. जे निवृत्त झाले, त्यांच्या जागी तितके नवे आले नाहीत. परिणामी वसाहतीत पगार घेणारी घरे कमी होत गेली आणि निवृत्तांची घरे वाढत गेली.

देशाचे चित्रही याच दिशेने बदलत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या १० कोटी ३८ लाख होती. अधिकृत अनुमानानुसार २०३१ पर्यंत ती १९ कोटींवर जाईल. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० मध्ये दर पाच भारतीयांपैकी एक जण साठीपलीकडचा असेल. देशाच्या एकूण लोकसंख्येत हा बदल सावकाश होत आहे. मात्र एकाच काळात, एकाच वयाच्या लोकांनी वसविलेल्या औद्योगिक वसाहतींत तो एकदम दिसू लागतो. त्या दृष्टीने भिलाईचा अनुभव उर्वरित देशासाठीही विचारात घेण्याजोगा आहे.

गुणवत्तेची मोजपट्टी

वृद्धापकाळातील जीवनाची गुणवत्ता मोजताना जागतिक आरोग्य संघटना चार अंगांचा विचार करते : शारीरिक प्रकृती, मनाची स्थिती, माणसामाणसांतील संबंध आणि भोवतालची परिस्थिती. भोवतालच्या परिस्थितीत घर, पैसा, सुरक्षितता, प्रवासाची सोय आणि उपचारांची उपलब्धता या गोष्टी येतात. रक्तदाब अथवा मधुमेह आटोक्यात असूनही माणसाचे दिवस कष्टाचे असू शकतात आणि गुडघे दुखत असूनही ते समाधानाचे असू शकतात, याचे कारण या चार अंगांच्या परस्परसंबंधात आहे.

भिलाईत ही चारही अंगे दीर्घकाळ एकाच सूत्राला बांधलेली होती आणि ते सूत्र होते कारखान्यातील नोकरी. क्वार्टर, शाळा, पाणी, वीज, रुग्णालय, बगिचा, क्रीडांगण हे सर्व कारखान्याकडूनच मिळत असे. आखीव सेक्टर, रुंद रस्ते, भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण असलेला मैत्रीबाग आणि सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय यांमुळे तेथील कामगाराचे जीवन देशातील इतर श्रमिकांना हेवा वाटावा असे होते. परंतु नोकरीतून मिळालेले नोकरी संपल्यावर किती उरते, याचा विचार ही व्यवस्था उभारताना पुरेसा झाला नाही. तेथील ज्येष्ठांच्या आजच्या अडचणींचे मूळ प्रामुख्याने येथे आहे.

निवृत्तीचे वर्ष महत्त्वाचे

सार्वजनिक उपक्रमातील कर्मचारी म्हणजे सरकारी नोकर, असा सर्वसाधारण समज आहे. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत तो खरा नाही. पोलाद कामगाराला केंद्र वा राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याप्रमाणे अखेरच्या पगाराच्या निम्मे आणि महागाई भत्त्यासह वाढणारे निवृत्तिवेतन कधीच नव्हते. त्याचा आधार होता भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांची एकरकमी रक्कम.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आली. त्याआधी निवृत्त झालेल्यांना, म्हणजे कारखाना उभारणाऱ्या पहिल्या फळीतील बहुतेकांना, दरमहा निवृत्तिवेतन मिळाले नाही. १९७१ च्या योजनेत मासिक आधाराची तरतूद होती, ती सेवेत असताना मृत्यू आलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी. हातात आलेली रक्कम बँकेत ठेवायची आणि व्याजावर घर चालवायचे, हाच या पिढीचा मार्ग होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास मुदत ठेवीवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत असे. त्या दराने पाच लाखांच्या ठेवीवर वर्षाला साठ हजार रुपये येत. पुढे व्याजदर सहा टक्क्यांवर आले, तेव्हा त्याच ठेवीचे तीस हजार झाले. या काळात औषधांच्या, भाज्यांच्या आणि विजेच्या किमती मात्र अनेक पटींनी वाढल्या. ऑगस्ट २००४ मध्ये सुरू झालेल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने काहीसा दिलासा दिला, पण तो ज्यांची मुद्दल शिल्लक होती त्यांनाच. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण किंवा घराचे बांधकाम यांत ज्यांची पुंजी आधीच खर्ची पडली होती, त्यांना या योजनेचा उपयोग झाला नाही.

१९९५ नंतर निवृत्त झालेल्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले. तथापि त्याची आकडेमोड प्रत्यक्ष पगारावर न होता ठरावीक वेतनमर्यादेवर होत असे. ही मर्यादा आरंभी ५,००० रुपये, २००१ पासून ६,५०० रुपये आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये करण्यात आली. सूत्र असे : निवृत्तिवेतनयोग्य वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे. २०१० मध्ये निवृत्त झालेल्या कामगाराची १९९५ नंतरची पंधरा वर्षे धरली, तर ६,५०० रुपयांच्या मर्यादेवर येणारी रक्कम सुमारे १,३९३ रुपये होते. आधीच्या सेवेपोटी तीत थोडी भर पडते इतकेच. १५,००० रुपयांच्या मर्यादेवर पस्तीस वर्षे मोजली, तरी ही रक्कम साडेसात हजार रुपयांपलीकडे जात नाही. महागाई भत्त्याची जोड नसल्याने एकदा ठरलेला आकडा पुढे वाढत नाही. किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये करण्यात आले.

प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरून वाढीव निवृत्तिवेतन घेण्याच्या हक्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला. १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्यांना विकल्पाची संधी मिळाली. त्याआधी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना ती मिळाली नाही. दरम्यान, 'सेल'ने वर्गणीवर आधारित स्वतःची निवृत्तिवेतन योजना आणली होती. ती अधिकाऱ्यांसाठी २००७ पासून आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी २०१२ पासून लागू धरण्यात आली. त्याआधी सेवेबाहेर पडलेला कामगार याही योजनेबाहेर राहिला.

यातून एक विलक्षण विषमता निर्माण झाली आहे. एकाच भट्टीवर, एकाच पाळीत, तितकीच वर्षे काम केलेल्या तीन शेजाऱ्यांपैकी १९९४ मध्ये निवृत्त झालेल्याच्या हाती काही नाही, २०१० मधील शेजाऱ्याच्या हाती किराणा भागण्यापुरतेही नाही, आणि अलीकडे निवृत्त झालेल्याचा संसार बऱ्यापैकी चालतो. अर्थात, ज्याचे वय अधिक आणि म्हणून गरज अधिक, त्याचे उत्पन्न सर्वांत कमी.

घराचा प्रश्न

पैशांनंतरचा, आणि अनेकांच्या दृष्टीने पैशांहून जिव्हाळ्याचा, प्रश्न घराचा आहे. कंपनीचे क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि निवृत्तीनंतर सोडावे लागते. तीस-पस्तीस वर्षे ज्या अंगणात संसार झाला, ते घर साठीत रिकामे करणे म्हणजे डॉक्टर, दूधवाला, वाणी, देऊळ आणि सायंकाळी गप्पांना भेटणारी माणसे यांपासून एकाच वेळी दुरावणे होय. वार्धक्यावरील जगभरच्या अभ्यासांत परिचित परिसरात राहता येणे हा समाधानाचा मोठा आधार मानला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धानुकूल शहरांसाठी जी आठ सूत्रे सांगितली, त्यांत घर आणि सार्वजनिक जागा यांना म्हणूनच स्थान मिळाले.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात 'सेल'ने काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली आणि त्यामुळे अनेक कुटुंबांना वसाहतीतच राहता आले. इतरांनी सेक्टरांच्या कडेच्या वस्त्यांत, दुर्ग शहरात किंवा रायपूरच्या बाजूला घरे बांधली. जे राहिले त्यांच्यापुढे वेगळी अडचण आहे. तरुण कुटुंबांसाठी बांधलेल्या दुमजली इमारतींना उद्वाहन नाही. संधिवाताने जखडलेल्या किंवा पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावरील घर नजरकैदेसारखे वाटू लागते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा वरच्या मजल्याचे तापलेले छत वृद्धांच्या प्रकृतीला अपायकारकही ठरते.

रुग्णालय आहे, पण घरी कोण?

आरोग्यसेवेच्या बाबतीत भिलाईचे निवृत्त इतर अनेक शहरांतील ज्येष्ठांपेक्षा सुस्थितीत आहेत, हे मान्य करावे लागेल. सेक्टर ९ चे रुग्णालय, विशेषतः त्याचा भाजलेल्या रुग्णांवरील उपचारांचा विभाग, मध्य भारतात प्रसिद्ध आहे. निवृत्त कर्मचारी आणि त्यांच्या जोडीदारांसाठी 'सेल'ची मेडिक्लेम योजना आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले.

या सर्व योजनांचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. वार्धक्यातील आजारांचे स्वरूप मात्र दीर्घ आणि संथ असते. आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढील सुमारे तीन चतुर्थांश व्यक्तींना एक ना एक जुनाट व्याधी असल्याचे आढळले. त्यासाठी लागतात रोजच्या गोळ्या, महिन्याची तपासणी, पथ्याचे जेवण आणि आंघोळीला हात देणारे माणूस. पाच लाखांचे विमापत्र असलेल्या घरातही जखम धुऊन पट्टी बदलण्यासाठी कोणी नसते.

पोलाद कारखान्याचा एक खास वारसाही येथे नोंदविला पाहिजे. भट्ट्या आणि रोलिंग मिलच्या अखंड गोंगाटात काम करणाऱ्यांची श्रवणशक्ती मंदावण्याचा धोका जगभर सर्वज्ञात आहे. ऐकू न येणारा माणूस हळूहळू संभाषणातून बाहेर पडतो, घरच्यांना तो तऱ्हेवाईक वाटू लागतो आणि शेवटी तो गप्प होतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोषाचा समावेश आहे. निवृत्तांची नियमित श्रवणतपासणी आणि माफक दरात श्रवणयंत्र ही कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक फलदायी सेवा ठरू शकेल.

यशाची किंमत

भिलाईच्या शाळांनी देशाला अभियंते आणि डॉक्टर दिले. तंत्रशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षांत येथील मुलांच्या यशाची चर्चा दीर्घकाळ होत राहिली. २०१६ मध्ये खुद्द भिलाईलाच आयआयटी मिळाली. या यशाची दुसरी बाजू अशी की मुले बंगळूर, पुणे, हैदराबाद आणि परदेशांत स्थिरावली. बापाच्या कारखान्यात मुलाला नोकरी मिळण्याचा काळ मागे पडला होता, तेव्हा त्यांनी जाणे अपरिहार्यच होते. आईवडिलांच्या खात्यात पैसे येतात, दूरध्वनीच्या पडद्यावर नातवंडे दिसतात. परंतु रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर दार शेजाऱ्याचेच वाजवावे लागते, आणि तो शेजारीही पंचाहत्तरीचा असतो.

'लघुभारत' म्हणविणाऱ्या या शहरात मराठी कुटुंबांची परिस्थिती काही बाबतींत वेगळी आहे. छत्तीसगढशी मराठी माणसाचे नाते कारखान्याहून पुष्कळ जुने, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचे. १९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर आणि बिलासपूर यांची राजधानी नागपूरच होती. हावडा-मुंबई मार्गावरील गाडीने विदर्भ काही तासांच्या अंतरावर असल्याने लग्नकार्ये, आजारपण आणि सणवार यांसाठी ये-जा सतत चालू असे. ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी रेल्वेभाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली, तेव्हा तिचा फटका अशा कुटुंबांना बसला. भाऊ-बहिणींना भेटायला जाणे ही म्हातारपणी चैन नसते, मनाची ती गरज असते. गणेशोत्सव, हळदीकुंकू, भजनी मंडळ आणि वाचनालय यांनी ही उणीव काही अंशी भरून निघते. अशा मंडळांतील कार्यकर्तेच आता सत्तरीत पोहोचल्याने पुढे हा भार कोण वाहणार, हा प्रश्न मंडळांपुढेही आहे.

मागे राहिलेल्या स्त्रिया

या चर्चेत स्त्रियांचा स्वतंत्र विचार आवश्यक आहे. पोलाद कारखान्यातील बहुसंख्य कर्मचारी पुरुष होते. त्यांच्या पत्नी वयाने लहान आणि आयुर्मानाने सरासरीने दीर्घायुषी. भारतात साठीपुढील स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या विधवा असल्याचे २०११ च्या जनगणनेतून दिसले होते. पुरुषांत हे प्रमाण पुष्कळच कमी आहे. निवृत्त पतीच्या मृत्यूनंतर पत्नीला त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मे मिळते. मूळ रक्कमच दोन हजारांची असेल, तर निम्म्यात वीजबिल भरून काय उरणार? बँकेची कागदपत्रे, वारसनोंद, हयातीचा दाखला ही कामे आयुष्यभर पतीने केलेली असतात. वैधव्याबरोबर या स्त्रीच्या वाट्याला कार्यालयांचे उंबरठेही येतात.

ज्येष्ठांच्या चरितार्थासाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय पातळीवरील न्यायाधिकरणाकडे मुलांविरुद्ध दाद मागता येते आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मिळविता येते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेच्या प्रकरणात हाच हक्क उचलून धरला. पण मुलाविरुद्ध अर्ज करण्यास आई सहसा धजत नाही, आणि जिथे मुलगा दुष्ट नसून केवळ दूर आहे, तेथे कायद्याचा उपयोगही मर्यादित आहे.

ठेका मजुरांचे म्हातारपण

आतापर्यंत ज्यांचा विचार झाला ते कायम कर्मचारी होते. भिलाईच्या उभारणीत, खाणींत आणि कारखान्याच्या आवारात ठेकेदारांकडे राबलेल्या मजुरांचे वार्धक्य याहून वेगळे आहे. त्यांच्या हक्कांसाठी लढणारे कामगारनेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज खाणींच्या ठेका मजुरांनी १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमांतून शहीद रुग्णालय उभारले, ते कंपनीच्या रुग्णालयाचे दार त्यांना खुले नव्हते म्हणूनच.

ठेकेदार बदलला की भविष्य निर्वाह निधीची सलगता तुटते आणि निवृत्तिवेतनासाठी आवश्यक असलेली दहा वर्षांची सेवा कागदावर पुरी होत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत पाच वर्षांच्या विमायोग्य सेवेनंतर निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघ्या १२० रुपयांत पत्नीसह वैद्यकीय सेवा मिळू शकते. पण त्या पाच वर्षांची नोंद हवी. ती नसलेल्या मजुराला दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतनावर विसंबावे लागते. त्यात केंद्र सरकारचा वाटा ऐंशी वर्षांखालील व्यक्तीसाठी २०० रुपये ठरविण्यात आला आणि दीड दशकाहून अधिक काळ तो तेवढाच राहिला. छत्तीसगढमध्ये राज्याच्या वाट्यासह ही रक्कम २०२३ मध्ये ५०० रुपये करण्यात आली. या घटकाला खरा आधार मिळाला तो राज्याच्या शिधावाटप व्यवस्थेचा. २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा करणाऱ्या या राज्यात शिधापत्रिकेवरील तांदळाने म्हाताऱ्या मजुराची उपासमार टाळली आहे.

पुढील मार्ग

औद्योगिक नगरांचे वार्धक्य ही केवळ भारतातील घटना नाही. जपानमधील कामाइशी या पोलादनगरीतील अखेरची झोतभट्टी १९८९ मध्ये विझली. तरुण निघून गेले, लोकसंख्या घटली आणि वृद्ध मागे उरले. भिलाईची स्थिती अधिक आशादायक आहे, कारण कारखाना चालू आहे, रुग्णालय आहे आणि जमीन व इमारतीही आहेत. उणीव आहे ती या साधनांचा वृद्धांच्या गरजेनुसार विनियोग करण्याच्या धोरणाची.

त्यातील काही उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. रिकामी पडलेली क्वार्टरे आणि बंद शाळांच्या इमारती यांत दिवसभराची वृद्धकेंद्रे चालविता येतील. तळमजल्यावरील घरे अदलाबदलीने ज्येष्ठांना देता येतील. केरळमध्ये १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेल्या परिहार सेवेच्या चळवळीने प्रशिक्षित स्वयंसेवक आणि परिचारिका घरोघर पाठविण्याची पद्धत रुजविली. भिलाईत निवृत्त परिचारिका आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने आहेत. अशी सेवा उभारण्यासाठी त्यांच्याइतके योग्य मनुष्यबळ अन्यत्र क्वचितच मिळेल. महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघांचे जाळे 'फेस्कॉम'च्या छत्राखाली १९८० पासून उभे राहिले, त्याचाही अनुभव येथे उपयोगी पडू शकेल.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न मात्र स्थानिक प्रयत्नांनी सुटणारा नाही. त्याला महागाईशी जोडणे आणि १९९५ पूर्वी निवृत्त झालेल्या, संख्येने दरवर्षी घटत जाणाऱ्या पिढीसाठी काही मासिक रक्कम ठरविणे हे निर्णय दिल्लीतच व्हावे लागतील. अत्यल्प उरलेल्या या पिढीसाठी येणारा खर्च मोठा असणार नाही. ज्यांनी घडविलेल्या रुळांवरून देशाची रेल्वे धावते, त्यांच्यासाठी हा निर्णय घ्यायचा असेल, तर तो लवकर घ्यावा लागेल. कारण या पिढीकडे प्रतीक्षेला फार वर्षे उरलेली नाहीत.